वाघाटीवर काम करायचंय म्हणतेस

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. "वाघाटीवर काम करायचंय आणि एकदा तरी ती डोळे भरून बघायचीय," असं लिहिलंयस. पहिलं जमेल. दुसऱ्याची हमी मी देत नाही. इतक्या वर्षांत मला मोठी वाघाटी जिवंत अशी चारदाच दिसली, त्यातही दोनदा नुसती शेपटी. मेलेल्या मात्र डांबरी रस्त्यावर बऱ्याच उचलल्या.

जनावर आहेच केवढं? ठिपक्यांचं जंगली मांजर, वजन दीड किलोपर्यंत. घरच्या मांजराहून लहान, आणि राहणार फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळच्या थोड्या भागात. पुदुच्चेरीहून गेलेल्या नमुन्यावरून १८३१ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं, तरी आजही गावात "वाघाटी" म्हटलं की निम्मे लोक आषाढातल्या भाजीचंच बोलायला लागतात. तू हसू नकोस. तिथूनच गप्पा सुरू होतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "ते बारकं बिबट्यासारखं म्हणताय का?"

हा "बिबट्यासारखं"च सगळा घोळ करतो. जुन्नरकडच्या उसात भरपूर उंदीर, वर आडोसा, म्हणून वाघाटी तिथेच विते. थंडीत तोड सुरू झाली की कोयत्यापुढे पिल्लं उघडी पडतात. कुणीतरी "बिबट्या!" म्हणून ओरडतं, टोळी फडाबाहेर पळते, गर्दी जमते, मोबाइल निघतात. तू तिथे असलीस तर आधी माणसं मागे घे, पिल्लं नंतर बघ. बिबट्याचा बच्चा चांगला दांडगा असतो, अंगावर गर्द काळे ठिपके. वाघाटीचं पिल्लू ओंजळीत मावतं आणि कपाळावरून मानेकडे पट्टे गेलेले असतात. ओळखता आलं नाही तर नाही म्हण आणि १९२६ वर वन विभागाला फोन लाव.

आणि पिल्लू घरी नेऊ नकोस. हे मी चूक करून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका रात्री दोन पिल्लं मी खोलीवर आणली, "बाहेर गारठा आहे" म्हणून. वर गाईचं दूध पाजलं. सकाळपर्यंत दोघांना जुलाब. त्यातलं एक दुपारी गेलं. शेताचा राखणदार नंतर म्हणाला, "रात्रभर बांधावर मांजर ओरडत होतं." ती पिल्लांची आई होती. त्याला ते कळलं होतं, मला नव्हतं.

आता करतो ते असं. पशुवैद्यानं पिल्लं तपासली की त्याच जागी, शक्यतो त्याच सरीत, क्रेटमध्ये ठेवायची. तळाला पाचट, म्हणजे उसाचा वाळला पाला, समोर ट्रॅपकॅमेरा आणि माणसं पार लांब. गेल्या खेपेला आई पावणेदहाला आली. क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निघून गेली. आम्ही जीपमध्ये गप्प. सव्वाअकराला परत आली, एकाला मानगुटीला धरलं आणि अंधारात शिरली. दुसऱ्यासाठी पुन्हा आली ती वीस मिनिटांनी. हे सगळं आम्ही दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या कार्डावर पाहिलं. नेहमी येतेच असं नाही. एक रात्र गेली तर दुसऱ्या रात्री पुन्हा मांडायचं.

कायद्याचं थोडक्यात: वाघाटी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पाळणं, विकणं दोन्ही गुन्हा. फोटो टाकलास तर गावाचं नाव, शेताची खूण काहीच दिसू देऊ नकोस. "ठिपक्यांचं मांजर" पाळायला मागणारे कमी नाहीत.

प्रबंधाचा विषय म्हणशील तर अभयारण्याकडे धावू नकोस. नागझिऱ्यातल्या कॅमेऱ्यांत ती येते, छान. पण वस्तीला लागून राहणाऱ्या वाघाटीवर गावातली कुत्री धावतात, घरच्या मांजरांशी तिचा संकर होण्याची भीती आहे, आणि पाचट पेटवलं की लपायची जागा जाते. मला विचारशील तर पाचट न जाळता कुजवणारे शेतकरी शोध. त्यांच्या आणि जाळणाऱ्यांच्या शेतांत कॅमेरे लाव, फरक पडतो का बघ. आणि तोडीच्या टोळीच्या मुकादमाशी ओळख वाढव. कुठला फड कधी तुटणार हे कारखान्याच्या चिठ्ठीआधी त्याला माहीत असतं.

तोड सुरू झाली की कळवतो. येताना पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट आण, उसाच्या पात्यानं हात सोलतात. दुर्बीण घरीच ठेवलीस तरी चालेल.

तुझा,
सर