एफडी मोडून इन्स्टाग्रामवर जाहिरात करावी का? आधी दरमहाची गळती मोजा

प्रश्न, थोडक्यात: नागपुरात मानेवाडा रिंग रोडलगत माझी १,२०० चौरस फुटांची जिम आहे. सभासद ११०. दरमहा साधारण २२ नवे येतात आणि तेवढेच बंद होतात. फी महिन्याला १,००० किंवा तिमाही २,७००. महिन्याची जमा सरासरी १,०४,५०० रुपये. भाडं, दोन ट्रेनर, वीज, मशीनचा हप्ता आणि साफसफाई-दुरुस्ती मिळून खर्च ९१,०००. एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीने सहा महिन्यांचा करार सुचवला आहे: महिन्याला १५,००० त्यांची फी, १०,००० जाहिरातींसाठी, जीएसटी वेगळा. त्यासाठी २,७५,००० ची एफडी मोडू का? घर पत्नीच्या पगारावर चालतं.

उत्तर: एफडी मोडू नका आणि हा करार या रकमेला करू नका. जाहिरात मात्र जरूर करा. तुमच्यासारख्या जिमला ती उपयोगी पडू शकते, फक्त आकार वेगळा हवा.

आधी खरा खर्च पाहू. १५,००० वर १८ टक्के जीएसटी म्हणजे १७,७००. जाहिरातीचे १०,००० जीएसटीसह ११,८००. महिन्याला २९,५०० आणि सहा महिन्यांचे १,७७,०००. “जीएसटी परत मिळतो” असं एजन्सी सांगत असेल, तर ते तुम्हाला लागू नाही. तुमची वर्षाची उलाढाल साडेबारा लाखांच्या आसपास आहे. सेवा व्यवसायासाठी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. उद्या नोंदणी केली तरी फरक पडणार नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला तो इनपुट टॅक्स क्रेडिट (खर्चावर भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय) काढून घेऊनच. “खर्च दाखवून आयकर वाचेल” हेही सोडून द्या. महिन्याला उरणारे १३,५००, म्हणजे वर्षाचा १,६२,००० नफा हेच तुमचं उत्पन्न असेल तर कर लागतच नाही, मग वाचणार काय?

आता एक नवा सभासद तुम्हाला किती देतो ते बघा. फीच्या दोन्ही प्रकारांची सरासरी काढली तर माणशी महिन्याला ९५० येतात. भाडं, पगार, हप्ता आहे तेवढाच राहतो; पाणी-विजेचे वाढीव ५० धरले तर हातात ९०० उरतात. तो टिकतो किती? ११० सभासद आणि महिन्याला २२ जाणारे, म्हणजे सरासरी ५ महिने. एका नव्या सभासदाची किंमत ४,५०० रुपये. २९,५०० भागिले ४,५०० केल्यावर साडेसहा येतात, म्हणजे दर महिन्याला ७ माणसं निव्वळ जाहिरातीमुळे यायला हवीत. जे मित्राच्या सांगण्यावरून किंवा बोर्ड पाहून एरवी आलेच असते, ते यात धरायचे नाहीत. सगळी मेहनत करून तुम्ही जेमतेम बरोबरीत याल.

आणि बरोबरीसुद्धा उशिरा. महिन्याला ७ नवे आले तर पहिल्या महिन्यात ६,३०० जादा येतील, दुसऱ्यात १२,६००, पाचव्या-सहाव्यात ३१,५००. सहा महिन्यांची बेरीज १,२६,०००. तोवर गेलेले असतील १,७७,०००. जाहिरात थांबल्यावर, आधी आलेल्यांकडून आणखी ६३,००० पुढच्या चार महिन्यांत येतील आणि दहाव्या महिन्याअखेर हिशेब १२,००० ने वर जाईल. मधल्या काळात एक ट्रेनर सोडून गेला, ट्रेडमिलची मोटर जळाली, तर पैसा कुठून काढायचा? तुमची एफडी म्हणजे बरोबर तीन महिन्यांचा खर्च आहे. ती जिमची आणीबाणीची शिदोरी आहे, तिला हात लावू नका. मुदतीआधी मोडल्यास बहुतेक बँका व्याज कापतात ते वेगळंच.

यातला सर्वांत जड भाग एजन्सीची फी आहे. नुसती ११,८०० ची जाहिरात असती तर महिन्याला ३ सभासदांत भागलं असतं.

पण माझी नजर अडकली ती त्या २२ जाणाऱ्यांवर. त्यांतले फक्त ४ थांबवता आले, म्हणजे महिन्याला १८ जण गेले, तर माणूस सरासरी ६ महिन्यांहून थोडा जास्त टिकेल. नवे २२ तेवढेच येत राहिले तर काही महिन्यांत सभासदसंख्या १३४ च्या आसपास स्थिरावेल. २४ जादा सभासद म्हणजे महिन्याला २१,६०० रुपये. एजन्सीच्या वाटेने ३५ सभासद (महिन्याला ७, सरासरी ५ महिने) वाढवूनही खर्च जाता हातात २,००० राहतात. हा फरक प्रत्येक छोट्या जिमवाल्याने कागदावर मांडून बघावा असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी रजिस्टरमधून मागच्या सहा महिन्यांत गेलेल्यांची यादी काढा आणि प्रत्येकजण कितव्या महिन्यात गेला ते लिहा. बहुतेक पहिल्या-दुसऱ्या महिन्यात गेले असतील तर दोष सुरुवातीच्या लक्ष देण्यात आहे: पहिल्याच दिवशी जास्त वजन, मग अंगदुखी, मग दांडी. सात दिवस न आलेल्याला ट्रेनरने स्वतः फोन करायचा, मेसेज नाही. दर महिन्याला वजन आणि कंबरेचं माप घेऊन कार्डावर लिहायचं. फी पुन्हा भरणाऱ्या प्रत्येक नव्या सभासदामागे ट्रेनरला १०० रुपये द्या. ते तुम्हाला परवडतात.

मग जाहिरात. पहिलं काम फुकटचं आहे: गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या जिमची नोंद. “जवळची जिम” शोधणारा माणूस आधीच मन करून बसलेला असतो. इन्स्टाग्रामवर तो दुसरंच काही बघत असतो. वेळा, फी, पार्किंग, आतले खरे फोटो टाका आणि जुन्या सभासदांना रिव्ह्यू लिहायला सांगा. रिव्ह्यूच्या बदल्यात एक महिना मोफत देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही.

त्यानंतर इन्स्टाग्रामवर दिवसाला २०० रुपयांची जाहिरात, दोन महिने. महिन्याचे जीएसटीसह ७,०८०. हे महिन्याच्या १३,५०० च्या शिलकीतून निघतात. महिन्याला २ सभासद आले की पैसे वसूल. रीलखालचं बूस्टचं बटण दाबू नका, त्याने बहुतेकदा लाइक मिळतात. अ‍ॅड्स मॅनेजरमधून (इन्स्टाग्रामच्या मेटा कंपनीचं जाहिरात लावायचं साधन) थेट व्हॉट्सअ‍ॅपवर संभाषण सुरू होईल अशी जाहिरात लावा. जिमवर पिन ठेवून ३-४ किलोमीटरचं वर्तुळ घ्या. सदर किंवा वर्धमाननगरचा माणूस रोज मानेवाड्यात येणार नाही. एकच अ‍ॅड सेट (एका बजेटचा, एका प्रेक्षकवर्गाचा जाहिरातींचा गट), त्यात दोन व्हिडिओ. जाहिरात कोणाला दाखवायची हे ठरवणारी मेटाची यंत्रणा स्थिरावायला आठवड्याला सुमारे ५० प्रतिसाद लागतात. इतक्या कमी पैशात आधीच ते कठीण, त्यात पाच तुकडे केले किंवा रोज बदल केले तर पैसे तिच्या शिकण्यातच जातात. वजन घटवल्याचे आधी-नंतरचे फोटो मेटा नाकारू शकतं, तेव्हा जागा, ट्रेनर आणि फी दाखवा. ज्यांचे चेहरे दिसतील त्यांची लेखी संमती घ्या.

संध्याकाळी ६ ते ९ साठी जाहिरात करू नका. १,२०० फुटांत तेव्हा आणखी गर्दी झाली की मशीनसाठी थांबावं लागतं आणि गळती वाढते. सकाळी ११ ते दुपारी १ ची महिलांची बॅच भरा. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये ही बॅच भरणार नाही: ४५ अंशांची दुपार, वरून पोरांच्या सुट्ट्या. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जुलै धरा. नाहीतर दिवाळीनंतरची थंडी.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या चौकशीला दहा-पंधरा मिनिटांत उत्तर गेलं नाही तर ती दुसऱ्या जिमकडे गेलीच समजा. ही जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. प्रवेश फॉर्मवर “कुठून कळलं?” हा रकाना घाला. दोन महिन्यांनी १४,१६० खर्चून त्या रकान्यात जाहिरातीचे ४ सभासद नसतील तर जाहिरात बंद करा.

४ हून बरेच जास्त आले आणि तुम्हाला वेळ पुरेना, तर एखाद्या मुलाला फक्त रील एडिट करायला ४-५ हजारांत ठेवा, महिन्याच्या बोलीवर. पेज, अ‍ॅड अकाउंट आणि व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर तुमच्याच नावावर राहील, त्याला फक्त अ‍ॅक्सेस द्यायचा. पेज एजन्सीच्या नावावर असेल तर करार तुटल्या दिवशी जुने रिव्ह्यू, चौकश्या, सगळं त्यांच्याकडे राहतं.