आधी मस्टर बघ

चि. पोरा,

अनेक आशीर्वाद. सात सह्या मिळाल्या की युनियन होते ना, असं विचारलंयस. नोंदणीला कामगारांपैकी १० टक्के किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. पण ७च्या खाली चालत नाही. तुमच्या चाळीस जणांत सात पुरे. पण आज सही करणारा दर महिन्याला वर्गणी देईलच असं नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, जरा हिंडून बघ. मोठ्या कारखान्यात शिफ्ट सुटली की दोनशे माणसं गेटवर एकदम भेटतात, तिथं युनियन रुजते. तुमच्यासारख्या छोट्या फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मालक तुझ्या बापाला नावानं ओळखतो, बहिणीच्या लग्नाला उचल देतो. उचल अंगावर असलेला माणूस सही करत नाही. त्याला भित्रा म्हणू नकोस.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं वाळूचे साचे करणारे मोल्डिंगवाले कायम, ओतलेला माल घासून साफ करणारे फेटलिंगवाले ठेकेदाराचे. आम्ही डबा कडुलिंबाखाली खायचो, ते वाळूच्या ढिगामागं. सहा वर्षं युनियनच्या वर्गणीचं पावतीबुक माझ्याकडं होतं. ढिगामागं मी एकदाही गेलो नाही. संपाच्या दिवशी मोल्डिंग बंद पडलं, पण आधी ओतलेल्या मालाचं ग्राइंडिंग चालूच. संध्याकाळी ट्रक भरून गेला. कुठल्या तोंडानं त्यांना अडवणार होतो?

नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकापेक्षा जास्त युनियन असतील तर मालकाशी वाटाघाटीला एकट्या युनियनला बसायचं तर मस्टरवरचे, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावरचे, ५१ टक्के कामगार पाठीशी लागतात. मस्टरवरचे! ठेकेदाराच्या माणसांचं नाव तिथं नसतंच. म्हणजे निम्मं खातं मोजणीतच येत नाही.

वर्गणी लेखी संमतीनं पगारातून कापून घेता येते. सोयीचं आहे, पण मला नाही पटत. पैसे येतात, माणूस भेटत नाही. पूर्वी पगाराच्या रांगेत गाठ पडायची, आता पगार बँकेत.

मीटिंग शिफ्टनंतर ठेवू नकोस. खानापूरची पोरं गाडीसाठी पळतात. जेवणाच्या सुट्टीत ठेव, आणि ढिगामागं ठेव. चिठ्ठी नुसती मराठीत काढू नकोस, बैलहोंगल-गोकाकचे लोक कन्नड वाचतात.

रविवारी येताना मस्टरवर किती, ठेकेदाराचे किती, उचल किती जणांवर, एवढं कागदावर मांडून आण. कन्नड मजकूर आमच्या शेजारच्या मास्तरांकडून तपासून घेऊ.

तुझा,
काका