पहाटे गारवा, आठला चटका: धावताना घालायचं काय?

माघ सरत आला की कोल्हापुरात रंकाळा तलावावर धावणारे वाढतात आणि आमच्याकडं प्रश्न पण वाढतात. या वेळी बहुतेक सगळे एकाच विषयावर आलेत, धावायला जाताना अंगात काय घालायचं, पायात काय घालायचं आणि पैसे नक्की कशावर घालायचे. म्हणून आख्खं पान त्यालाच दिलंय. माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढची उत्तरं कळायला सोपी जातील: जे अंगाला घासतं त्यावर खर्च करा, म्हणजे बूट, मोजे आणि आतले कपडे, बाकीचं घरात असलेलं बऱ्यापैकी चालतं.

प्रश्न: ताई, मी शाहूपुरीतून गाडीवर रंकाळ्याला येतो, पहाटे साडेपाच पावणेसहाला. थंडी वाजते म्हणून जर्किन घालतो पण थोडं पळालं की अंगातनं नुसत्या धारा. आठच्या सुमारास तर ऊन चटकायला लागतं. मग सुती बनियनवर पळू का? का ते चकचकीत कापडाचे टी-शर्ट घेऊ?
एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: दादा, तुम्हाला वाजणारी थंडी गाडीवरची आहे. जर्किन गाडीपुरतं घाला, पोचलात की डिकीत टाका. आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चला पहाटे १६-१७ ते २० डिग्रीच्या आसपास असतं आणि दुपारी ३५ च्या घरात जातं, म्हणजे तास-दीड तास पळणाऱ्याला एकाच फेरीत दोन ऋतू भेटतात. अशा वेळी बाहेर आहे त्यापेक्षा ७-८ डिग्री जास्त आहे असं धरून कपडे घालायचे, कारण दहाएक मिनिटांत अंग तापतंच. सुरुवातीला थोडं गार वाटलं पाहिजे, वाटत नसेल तर कपडे जास्त झालेत असं समजा. तरी हात गारठत असतील तर स्कूटीवरच्या बायका उन्हासाठी घालतात ना त्या सुट्या बाह्या घ्या, कुठल्याही बाजारात मिळतात, आधी थंडीला कामाला येतात, अंग तापलं की मनगटावर सरकवून ठेवायच्या आणि ऊन वर आलं की परत ओढायच्या. मला ही वस्तू लई आवडते, एवढ्या कमी पैशात दोन्ही टोकं सांभाळणारं दुसरं काही नाही.

आता सुती की चकचकीत. कापसाचा धागा पाणी आत पितो, साध्या हवेतला ओलावासुद्धा तो स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती बनियन घामानं जड होतं, अंगाला चिकटतं आणि मग काखेत, छातीवर घासत बसतं. पॉलिस्टरमध्ये घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथं वाळतो. आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळं, नुसता टपटप गळून गेलेला घाम काही थंडावा देत नाही. पण पॉलिस्टर आहे म्हणजे चांगलंच असंही नाही हं, वाढदिवसाला फोटो छापून वाटतात ते जाड गुळगुळीत टी-शर्ट पॉलिस्टरचेच असतात आणि त्यात जीव गुदमरतो. दुकानात कापड उजेडाकडं धरून बघा, तोंडाजवळ धरून फुंकर मारा, हवा पलीकडं जायला पाहिजे. आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब सोडा, लगेच पसरला तर घ्या, मोत्यासारखा बसून राहिला तर ठेवून द्या. लेबलवर १२० ते १४० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) असेल तर आपल्या हवेला बरोबर आहे. आणि खरं सांगू का, पेठेतल्या फुटबॉल टीमची जाळीदार जर्सी घरात पडून असेल तर तीच काढा, नवीन घ्यायची गरजच नाही.

प्रश्न: मी ३८ वर्षांची आहे, दोन मुलं आहेत, नुकतंच कळंबा तलावाकडं जॉगिंग सुरू केलंय. पंजाबी ड्रेस आणि ओढणी घेऊनच पळते, टाइट्स घालायला कसंतरीच वाटतं. पळून आल्यावर छातीला ओढल्यासारखं दुखतं आणि ब्राच्या पट्टीखाली सोलवटतं, आंघोळीला नुसती आग होते. दुकानात पुरुष असतात त्यामुळं विचारायला पण संकोच वाटतो.
एक वाचक भगिनी, कळंबा

उत्तर: ताई, तुम्ही लिहिलंत ते लई बरं केलंत, कारण हे कित्येकींना होतं आणि बऱ्याच जणी कुणाला न सांगता पळणंच सोडून देतात. तुमची पहिली खरेदी स्पोर्ट्स ब्रा, बुटांच्याही आधी. छातीला आतून आधार देणारं फारसं काही नसतं, पळताना ती वर-खाली, बाजूला आणि पुढं-मागं अशी तिन्हीकडं हलते, आणि साइज लहान असली तरी हलतेच. साध्या ब्रामध्ये तो सगळा भार खांद्यावरच्या बारीक पट्ट्यांवर येतो, मग ओढ बसते, दुखतं, सोलवटतं.

संकोचाचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते. स्पोर्ट्स ब्रा तयार झाली १९७७ साली, अमेरिकेत व्हरमाँट राज्यात. लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर या तिघींनी पुरुष खेळाडू वापरतात ते दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवून पहिला नमुना केला. म्हणजे बघा, आपल्या लंगोटाच्या कामाचीच ही वस्तू. कोल्हापुरात पोरगं तालमीत घातलं की पहिला लंगोट घेतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही, मग बाईला पळायला आधार लागतो हे सांगताना आपण का मान खाली घालायची? दुकानात सरळ सांगा, पळायला पाहिजे, हाय इम्पॅक्ट, म्हणजे जोराच्या हालचालीला आधार देणारी दाखवा. बाई विक्रेती असलेलं आणि ट्रायल रूम असलेलं दुकान निवडलंत तर आणखी सोपं, कारण ही वस्तू घालून बघितल्याशिवाय घ्यायचीच नाही.

घालून काय बघायचं तर आधार छातीखालच्या रुंद पट्टीनं दिला पाहिजे, खांद्याच्या पट्ट्यांचं काम त्यानंतरचं. खालच्या पट्टीत दोन बोटं जातील एवढीच जागा हवी. दोन्ही हात वर करा, पट्टी वर सरकली तर ती सैल आहे. मग ट्रायल रूममध्येच जागेवर चार-पाच उड्या मारा, लाजू नका, तेवढ्यासाठीच ती खोली आहे. नुसतं एस एम एल लिहिलेल्या, डोक्यातनं घालायच्या पातळ ब्रा योगासनाला ठीक आहेत, तुम्ही कप साइज असलेली आणि मागं हुक असलेली घ्या, आणि नवी असताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बरोबर बसेल अशी, म्हणजे इलॅस्टिक सैल पडेल तसं आत घेता येतं. जमलं तर दोन घ्या, आलटून पालटून वापरल्या की जास्त टिकतात. धुताना गरम पाणी नको आणि पिळा देऊन पिळू नका. इलॅस्टिकचा ताण गेला की दिसायला कितीही चांगली असली तरी पळायला नको.

सोलवटतंय तिथं निघायच्या आधी व्हॅसलिनचा थर द्या, पट्टीखाली आणि काखेत. जखम उघडी असेल तर ती सुकेपर्यंत पळण्याऐवजी चाला. आल्यावर ओल्या कपड्यात स्वयंपाकाला लागू नका, आधी कपडे बदला, कारण ओली कातडी लवकर सोलते. आणि हे नीट वाचा: दुखणं छातीच्या मधोमध दाबल्यासारखं असेल, हाताकडं किंवा जबड्याकडं जात असेल, दम लागत असेल तर तो कपड्याचा विषय नाही, तिथंच थांबा आणि लगेच डॉक्टरांकडं जा.

टाइट्स घातल्याच पाहिजेत असं कुणी सांगितलं? सैल ट्रॅक पँट आणि मांडीपर्यंतचा टी-शर्ट छान चालतो, गुडघ्याच्या वर थांबणारी, बाजूला कट असलेली हलकी कुर्ती पण चालते. घोळदार सलवार मात्र नको, पायात येते. मांड्या घासत असतील तर ट्रॅक पँटच्या आत सायकलिंग शॉर्ट्स घाला. ओढणी तेवढी घरी ठेवा, पळताना ती सावरण्यात एक हात अडकतो आणि रस्त्यावर गाडीच्या चाकाचं भय वेगळंच.

प्रश्न: मी पोलीस भरतीची तयारी करतोय, विद्यापीठाच्या बाजूला रोज पळतो, १६०० मीटरचा टायमिंग काढायचाय. मित्र म्हणतो कार्बन प्लेटवाले बूट घे, दहा-बारा हजारचे. घरातनं एवढे पैसे मागायला नको वाटतं. आत्ताच्या बुटात बोटांना फोड येतात. स्मार्टवॉच पण लागतं का?
एक विद्यार्थी, सागरमाळ

उत्तर: भावा, नको मागू एवढे पैसे. प्लेटवाले, म्हणजे सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले बूट मॅरेथॉनला जोरात पळणाऱ्यांसाठी बनवलेत आणि त्यांचा फोम लवकर बसतो, रोजच्या सरावात घातलेस तर पैसे मातीत. तुला साधे, हलके, मऊ सोलचे रनिंगचेच बूट पाहिजेत. क्रिकेटचे नको, कॉलेजला घालायचे स्निकर्स पण नको. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, पळतानाही फुगतात. लांब बोटाच्या पुढं अंगठ्याची रुंदी मावेल एवढी जागा सोड. फोड येतात ते बहुतेक दोन कारणांनी, बूट तंग किंवा मोजे सुती. सुती मोजा घामानं भिजला की कातडी मऊ पडते आणि मग घासते, म्हणून पॉलिस्टर किंवा नायलॉन मिश्र मोजे घे, टाचेला थोडे वर आलेले. टाच बुटात उचलत असेल तर सगळ्यात वरचं जादाचं भोक असतं ना, जे सगळे मोकळंच सोडतात, त्यात नाडी त्याच बाजूला घालून छोटा फास कर, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातनं ओढ आणि मग गाठ मार. टाच जाग्यावर बसते, एक पैसा लागत नाही. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर साथ देतात, म्हणून कॅलेंडरवर रोजचं अंतर लिहीत जा. वॉचची गरज नाही, प्रत्येक फेरीची वेळ वेगळी धरणारं लॅपचं बटण असलेलं साधं डिजिटल घड्याळ पुष्कळ झालं.

प्रश्न: आम्ही तिघे निवृत्त शिक्षक फुलेवाडीच्या पुढं गगनबावडा रोडला पहाटे चालत-पळत जातो. अंधार असतो आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू असतात. पांढरे शर्ट घालतो, तेवढं पुरतं का?
एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: गुरुजी, नाही पुरत, आणि या प्रश्नाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मार्चच्या मध्यापर्यंत आपल्याकडं सूर्य पावणेसात-सातच्या आसपास उगवतो, म्हणजे तुमची निम्मी फेरी अंधारातच. डबल ट्रॉलीवाल्या ट्रॅक्टरला वेग कमी असला तरी थांबायला वेळ लागतो, ट्रॉलीबाहेर ऊस लोंबत असतो आणि ट्रॉली ओलांडणारी मोटारसायकल नेमकी तुमच्याच अंगावर येते. पोपटी-नारिंगी भडक रंग दिवसा उठून दिसतात, अंधारात त्यांचा उपयोग नाही. अंधारात चमकते ती रिफ्लेक्टर पट्टी, पण तीसुद्धा हेडलाइट पडला तरच. म्हणून दोन्ही पाहिजेत, रिफ्लेक्टर आणि स्वतःचा दिवा. पट्ट्या घोट्याला आणि मनगटाला बांधा, हलणारे पाय दिसले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं की माणूस आहे, नुसती छातीवरची पट्टी रस्त्याकडेच्या बोर्डासारखी वाटते. मागं कमरेला सायकलची लाल लुकलुकणारी लाइट लावा, पुढं कपाळावर हेडलॅम्प. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं, एकामागं एक चाला. इअरफोन नकोच. आणि उसाचा हंगाम संपेपर्यंत रंकाळ्याच्या कडेनं गेलात तर मला तरी बरं वाटेल.

प्रश्न: टोपी घ्यावी का नुसता व्हायजर? गॉगल लागतो का? मोबाईल कुठं ठेवायचा?
एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: केस विरळ असतील तर टोपी, दाट असतील तर व्हायजर, म्हणजे वरून उघडी, नुसती झाकणी असलेली पट्टी, डोक्याची वाफ वरून निघून जाते. झाकणीची खालची बाजू गडद असलेली घ्या, रस्त्यावरची चमक डोळ्यात कमी येते. गॉगल सूर्याकडं तोंड करून पळत असाल तर, आणि त्यावर यूव्ही ४००, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा, असं लिहिलेलं बघून. मोबाईल कमरेच्या ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यात, हातात धरून पळू नका, खांदा आखडतो.

प्रश्न: रंगपंचमीला पळून येताना पोरांनी रंगवलं आणि चैत्रात जोतिबाला गेलो की गुलाल. माझे चांगले टी-शर्ट आणि बूट खराब होतात. काय करू?
एक वाचक, कसबा बावडा

उत्तर: यात पॉलिस्टर तुमच्या बाजूनं आहे. पॉलिस्टर रंगवायला कारखान्यात १३० डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, बादलीतला रंग त्यात सहजी शिरत नाही, तो धाग्यांमध्ये अडकून बसतो आणि बराचसा धुऊन निघतो. सुती, नायलॉन आणि लायक्रा (ताणणारा धागा) मात्र रंग पटकन पितात, म्हणून टाइट्स आणि स्पोर्ट्स ब्रा त्या दिवशी जुन्या घाला. गुलाल लागलेला कपडा लगेच भिजवू नका, आधी कोरडाच जोरात झटका, मग उलटा करून वाहत्या गार पाण्याखाली धरा, पाण्याला रंग यायचा थांबला की साबण लावा. गरम पाणी नको, आणि सुगंधी फॅब्रिक कंडिशनर तर रनिंगच्या कपड्यांना कधीच नको, त्याचा थर बसला की कापड घाम ओढायचं बंद होतं. बुटांचे आतले तळवे आणि नाड्या काढून कोरड्या टूथब्रशनं जाळीतला गुलाल झाडा, मग ओल्या फडक्यानं पुसा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. जोतिबाच्या पायऱ्यांवर गुलालाचा थर असतो आणि त्यावर गुळगुळीत सोल सरकतो, त्यामुळं जुने बूट नेणार असाल तर ज्यांची नक्षी अजून शाबूत आहे असेच न्या.