टोमॅटो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गच्चीवरील कुंडीत लावलेल्या टोमॅटोची फळे खालच्या टोकाला काळी पडून सडतात. कोणते औषध फवारावे? (पुणे)

उत्तर : कृपया कोणतेही औषध फवारू नका, हा रोग नव्हे आणि कीडही नव्हे. फळ वाढत असताना त्याच्या टोकाकडील भागाला पुरेसे कॅल्शियम मिळाले नाही, की तो भाग काळा पडतो. कॅल्शियम मुळांतून पाण्याबरोबर वर चढते आणि त्यातले बरेचसे पानांकडेच जाते. त्यामुळे मातीत चुना भरपूर असला, तरी कुंडी आज कोरडी ठणठणीत आणि उद्या तुडुंब, असे होत राहिल्यास फळाला ते पुरत नाही. यासाठी कुंडी निदान 12 ते 15 इंच खोल घ्यावी, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि पाणी थोडे पण नियमित द्यावे. युरिया हात राखूनच द्यावा, कारण त्याने पालाच माजतो. अंड्याची टरफले मातीत घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु ती इतकी सावकाश विरघळतात, की चालू हंगामातील फळांना त्यांचा उपयोग होत नाही. काळे पडलेले फळ सुधारत नसल्याने ते तोडून टाकावे.

प्रश्न : मार्चमध्ये रोपे लावली. फुले भरपूर येतात, पण सगळी गळतात. (नागपूर)

उत्तर : दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचेही चढेच राहिले, तर टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फळ न धरताच फूल गळते. खत वाढवून यावर उपाय होणार नाही. शेडनेटने ऊन कमी होते, पण रात्रीचा उकाडा हटत नाही. विदर्भात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बी पेरून महिन्याभराने रोपे लावावीत, म्हणजे फळधारणा थंडीत होईल. उन्हाळी फळ पिवळसर राहण्याचे कारणही उष्णताच आहे. 30 अंशांच्या पुढे लायकोपीन हे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही.

प्रश्न : टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवावेत का?

उत्तर : कच्चे, अर्धे पिकलेले मुळीच ठेवू नयेत. थंडीत पिकण्याची क्रिया अडते आणि स्वाद जातो. पूर्ण पिकलेले दोन-तीन दिवस ठेवण्यास हरकत नाही.

प्रश्न : टोमॅटोच्या बियांमुळे मुतखडा होतो, म्हणून घरात टोमॅटो बंद केला आहे. हे योग्य आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : या समजापायी अनेक घरांतून एक चांगले फळ हद्दपार झाले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. बिया पचल्या नाहीत तरी शौचावाटे बाहेर पडतात. त्या मूत्रपिंडात पोहोचतच नाहीत. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि टोमॅटोत ऑक्झलेट अल्प असते, पालकात मात्र त्याच्या कितीतरी पट. खडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पिण्याकडे अधिक लक्ष द्यावे. मात्र मूत्रपिंड अशक्त असल्याने ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी घेण्यास सांगितले आहे, त्यांनी तो सल्ला पाळावा, कारण टोमॅटोत आणि विशेषतः आटवलेल्या प्युरीत पोटॅशियम बरेच असते.

प्रश्न : कच्चा खावा की शिजवून?

उत्तर : दोन्ही. कोशिंबिरीत क जीवनसत्त्व टिकते, तर शिजवल्याने लायकोपीन अधिक सहज शोषले जाते. ते स्निग्धांशात विरघळणारे असल्यामुळे टोमॅटोच्या साराला तुपाची फोडणी अवश्य द्यावी.