हिरव्या ठिपक्यावर विसंबू नकोस

व्हीगन झालीस ना, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नको, मग जेवणाची फार चिंता करू नकोस. झुणका-भाकर, सोलकढी आपलीच आहे. वरणभातावर तूप नको एवढं आईला आधी सांग. (रुसेल. रुसू दे.)

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याला दूध, मध चालतं, म्हणून मागची बारीक अक्षरं वाच. घटकांच्या यादीत आयएनएस १२० हा क्रमांक दिसला, तर तो म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग.

जेजे कला महाविद्यालयात शिकतेस, तर रंगवायचा ब्रश जपून घे. केस मुळाशी तपकिरी, मध्ये पांढरट, टोकाला काळपट दिसला तर तो मुंगसाचा असू शकतो. तो विकणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. सिंथेटिक मागून घे. पाणी जरा कमी धरतो, पण हाताला सवय होते.