नाशिकवर मिक्स मीडिया: आधी जागा ठरवा, मग वस्तू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रामकुंड, घाट, जुने वाडे हे सगळं तुम्ही जलरंगात भरपूर केलंय. आता शहर या विषयावर मिक्स मीडिया, म्हणजे रंगांसोबत कागद, कापड, वस्तू लावून केलेलं चित्र, करायचंय. पण पेपरची कात्रणं, बसची तिकिटं, बटणं लावली की चित्र नुसतं सजवल्यासारखं दिसतं. शिवाय मोठ्या शहराचं चित्र करायला नाशिक पुरेसं मोठं आहे का, ही शंका.

ताई, शंका आधी सोडा. २०११ च्या जनगणनेतच नाशिक शहर १४ लाख ८६ हजारांवर होतं, आणि त्यानंतर किती मळे उठून तिथे सोसायट्या आल्या ते तुम्ही पाहिलंच आहे. संध्याकाळी आपल्या द्वारका चौकात दहा मिनिटं उभं राहा. मोठं शहर म्हणजे काचेच्या उंच इमारती असं धरून बसलो की आपण मुंबईचे फोटो समोर ठेवून काम करायला लागतो, आणि ते चित्र मुंबईचंही होत नाही, नाशिकचंही होत नाही. इथे एका रिक्षाच्या फेरीत द्राक्षांचे क्रेट, कंपनीची शिफ्ट सुटलेली गर्दी आणि गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, विधींसाठी आलेली माणसं दिसतात. असं एकमेकांत मिसळलेलं जगणं दाखवायला मिक्स मीडियाइतकं सोयीचं माध्यम नाही.

आता खरा मुद्दा. लावलेल्या वस्तूने चित्रात काहीतरी काम करायला हवं. १९१२ मध्ये पिकासोने कॅनव्हासवर वेताच्या विणीचं छापील मेणकापड चिकटवलं आणि चौकटीला खरा दोर गुंडाळला. त्याने वेताची वीण रंगवली नाही, छापील कापडाने ती आणून दिली. तुमच्या चित्रातलं तिकीट काढून टाकलं आणि काहीच बिघडलं नाही, तर ते तिकीट तिथे नको होतं. ही कसोटी मी प्रत्येक तुकड्याला लावते, आणि निम्मे तुकडे परत डब्यात जातात.

म्हणून आधी जागा ठरवा. 'नाशिक शहर' हा विषय हातात मावत नाही. मेनरोडवरची एक बंद दुकानाची पायरी, सीबीएसचा, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाचा, एक फलाट, सातपूरच्या कारखान्याबाहेरची चहाची टपरी, यातलं एकच घ्या. तिथे वेगवेगळ्या वेळी जा आणि ती जागा कशाची बनली आहे ते वहीत उतरवा. दृश्य नको, पदार्थ लिहा: गंजलेला पत्रा, चुन्याचे पोपडे, सुतळी, तेलकट कागद. वस्तू त्या यादीतून निवडा. हस्तकलेच्या दुकानातली तयार पाकिटं आणू नका. तुमची बटणं उपरी वाटतात ती त्यामुळेच.

भिंतीवरच्या पोस्टरांचं उदाहरण घ्या. क्लासच्या जाहिराती, त्यावर नाटकाचं पोस्टर, त्यावर निवडणूक, त्यावर पुन्हा क्लास. पावसानंतर हा थर पुठ्ठ्याइतका जाड होऊन कडेने सुटतो. पॅरिसमध्ये जाक विलेग्ले आणि रेमों हँस १९४९ पासून अशी फाटकी पोस्टरं भिंतीवरून उतरवून तीच चित्र म्हणून मांडत होते. तुम्ही सुटलेला थर घरी आणा, वाळवा, प्लायवर चिकटवा आणि मग वरून खाली फाडत चला. कागद ओला असताना फाडला तर कड लोकरीसारखी तुटते, कोरडा फाडला तर पांढरी रेघ उमटते. त्या पांढऱ्या रेघेनेच मी गल्ली, तारा, गच्च्यांच्या कडा काढते. पेन्सिल लागतच नाही. चेहरा किंवा पक्षाचं चिन्ह दिसत राहिलं तर बघणारा तिथेच अडकतो, तेवढा भाग फाडून टाका. आणि तारीख उलटून गेलेली पोस्टरंच घ्या, चालू कार्यक्रमाच्या पोस्टरला हात लावू नका.

सातपूर-अंबडकडची गंमत वेगळी. पत्र्यातून वायसर किंवा चकत्या पंच करून काढल्या की भोकाभोकांची पट्टी उरते आणि ती भंगारात किलोवर जाते. एखादी पट्टी मिळवा. ती स्टेन्सिल म्हणून ठेवून स्पंजने रंग थोपटला की रात्रीच्या इमारतीच्या खिडक्यांची ओळ तयार होते, आणि ती ओळ या शहरातल्या कामगारांच्या हातून आलेली असते. पट्टीच चित्रात लावायची असेल तर कडा कानशीने घासा, हात कापतात. खिळा किंवा बारीक तारेने बांधा, नुसत्या गोंदावर पत्रा फार दिवस राहत नाही. गंज हवा असेल तर तो आधी येऊ द्या आणि मग वॉर्निशने थांबवा, नाहीतर शेजारच्या कागदावर पिवळे डाग उतरतात.

घाट तुम्हाला सोडवत नसेल तर सोडू नका, फक्त पाहायची पद्धत बदला. पूर किती आला हे आपण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतो: गुडघ्याला लागलं, कंबरेला लागलं, छातीपर्यंत आलं. एक उंच अरुंद फळी घ्या आणि तिच्यावर पाण्याची एक आडवी रेघ ठरवा. २०१६ आणि २०१९ च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. रेघेखाली तिथल्या वस्तू ठेवा: दुकानाची बिलं, पितळेच्या पत्र्याचा तुकडा, पाटीवरची अक्षरं. त्यावर नदीकाठच्या गाळाचा थर द्या. गाळ कडक उन्हात वाळवून, कुटून, मलमलच्या कापडातून चाळायचा आणि अॅक्रेलिक मीडियममध्ये, म्हणजे रंग नसलेल्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या अॅक्रेलिकमध्ये, कालवायचा. पातळ थर दोन-तीनदा द्या. एकदम जाड दिला की वाळताना तडे जातात. रेघेवरचे रंग मात्र झगझगीत ठेवा. मारुती काढायची गरजही पडणार नाही, नाशिककर रेघ बघूनच ओळखेल.

आता टिकण्याबद्दल, कारण इथे पुष्कळ चांगली कामं वाया जातात. मशीनमधून निघणारी तिकिटं आणि दुकानाच्या पावत्या थर्मल कागदाच्या असतात. उजेडात अक्षरं उडतात आणि उष्णतेने कागद काळा पडतो. त्यांची झेरॉक्स काढून ती वापरा, झेरॉक्सचा टोनर, म्हणजे तिची पूड-शाई, टिकतो. इंकजेट प्रिंट नको, ओलं लागलं की शाई पसरते. पेपरचा कागद पिवळा पडणारच. तो रंग चालणार असेल तर वापरा, नाहीतर त्याचीही झेरॉक्स चांगल्या कागदावर घ्या.

याच टोनरचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला फार आवडतो. तुमच्या जागेच्या फोटोची लेझर प्रिंट मिरर करून, म्हणजे डावं-उजवं उलटवून घ्या, नाहीतर पाट्यांवरची अक्षरं उलटी येतील. प्रायमर दिलेल्या फळीवर मीडियमचा थर द्या, प्रिंट पालथी ठेवा, तळव्याने बुडबुडे काढा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी ओल्या स्पंजने भिजवून बोटाच्या टोकाने गोल गोल चोळा. कागदाची मळी सुटत जाते आणि फोटो फळीवरच राहतो, कुठे कुठे उडालेला, जुन्या भिंतीवरच्या रंगवलेल्या जाहिरातीसारखा. वाळल्यावर पांढुरकं दिसलं तर पुन्हा भिजवून चोळा, शेवटी मीडियमचा पातळ हात द्या.

कांद्याच्या लाल जाळीच्या गोणीवर कुठलाच गोंद धड बसत नाही, ती प्लॅस्टिकची असते. दाभणाने आणि सुतळीने शिवून टाका, टाकेही चांगले दिसतात. फेविकॉल पुठ्ठ्या-लाकडाला ठीक आहे, पण वरच्या कागदी कामाला अॅक्रेलिक मीडियम घ्या. तैलरंगावर अॅक्रेलिक देऊ नका, ते सोलून निघतं. उलट क्रम चालतो. जड वस्तू असतील तर कॅनव्हास नको, प्लायच घ्या. पुढून कागद चिकटवला की वाळताना फळी वाकते, म्हणून मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावा.

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पोस्टाची तिकिटं छापली जातात, त्यामुळे वापरलेली तिकिटं आपल्या शहराचा अगदी हक्काचा माल आहे. खऱ्या नोटा मात्र चिकटवू नका.

सुरुवात पोस्टरच्या फळीने करा, दोन फूट बाय दीड फूट पुरे. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका, मधे पट्टी घालायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी धरते. मागच्या बाजूला कुठल्या गल्लीतला कागद, कुठला महिना आणि कुठला गोंद हे लिहून ठेवा. पुढे कधी एखादा तुकडा सुटला तर दुरुस्त करणाऱ्याला ते लागतं.