जावास्क्रिप्टमध्ये रेगएक्स्प (मजकुरात ठरावीक पॅटर्न शोधणारा ऑब्जेक्ट, म्हणजेच रेगएक्स) 'न्यू' लावून आणि न लावता बनवला तर फरक पडतो का, आणि तो टेस्ट कसा करायचा?

पडतो की, पण तुम्ही आत आधीच तयार असलेला रेगएक्स ऑब्जेक्ट देता तेव्हाच. साधी स्ट्रिंग दिली तर दोन्हीकडं नवीनच ऑब्जेक्ट मिळतो. एक्मास्क्रिप्टच्या (जावास्क्रिप्टचं अधिकृत स्टँडर्ड) स्पेसिफिकेशनमध्येच तसं लिहिलंय: 'न्यू' नसेल, फ्लॅग (शोध कसा करायचा ते सांगणारी अक्षरं) दिले नसतील आणि दिलेल्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) रेगएक्स्पच असेल तर तोच ऑब्जेक्ट जसाच्या तसा परत येतो, कॉपी होत नाही. टेस्ट ब्राउझरच्या कन्सोलमध्येच करा. समजा कोल्हापूरच्या गाड्यांचा एमएच ०९ वाला नंबर तपासायचा पॅटर्न हाय, जी फ्लॅग लावलेला, त्याचा लास्टइंडेक्स (पुढचा शोध कुठल्या जागेपासून सुरू करायचा तो आकडा) ५ करा आणि मग दोन्ही पद्धतीनं त्यापासून बनवून बघा:

- 'न्यू' शिवाय: तीन बरोबरच्या चिन्हांनी मूळ ऑब्जेक्टशी तुलना केली की ट्रू, लास्टइंडेक्स ५ च
- 'न्यू' लावून: फॉल्स, लास्टइंडेक्स ०

नुसतं सोर्स (पॅटर्नचा मजकूर) आणि फ्लॅग तपासू नका, ते दोन्हीकडं सारखेच दिसतात आणि टेस्ट उगाच पास होते. हे खरंच महत्त्वाचंय, कारण जी फ्लॅग असला की रेगएक्सची 'टेस्ट' ही मेथड (पॅटर्न जुळतो का ते सांगणारी) जुळल्यावर लास्टइंडेक्स पुढं सरकवते, मग तोच ऑब्जेक्ट दुसऱ्या फंक्शननं वापरला की बरोबर असलेला नंबरपण चुकीचा ठरतो आणि माणूस पॅटर्नमध्येच चूक शोधत बसतो. फक्त एक, रेगएक्स ऑब्जेक्टसोबत फ्लॅगपण दिले तर 'न्यू' नसतानाही नवीन ऑब्जेक्ट बनतो, पण २०१५ च्या आधीच्या स्टँडर्डवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात तिथं टाइपएरर येतो.